फिक्या छटेचं गाव

माझा स्वभाव तापट आहे. हे अम्मीपासून काळीपिवळीच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना ठाऊक. दारव्ह्याहून यवतमाळला रोज त्या जीपने यायचं, मधल्या सीटवर माणसं कोंबलेली, त्यात कुणी न विचारता माझ्या मांडीवर पिशवी ठेवली की मी सुरू. अशा मुलीनं कॉम्प्युटरवर नकाशे रंगवायची नोकरी धरली तेव्हा घरात हसं झालं. अब्बांचं दारव्ह्यात गॅरेज आहे. ते म्हणाले, "वहाँ तो एक जगह बैठना पड़ता है. तू बैठेगी?" मी बसले, आणि अजून बसलेली आहे. त्याला कारण आमच्या मॅडम. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण त्या वाचतील आणि "कायले एवढं लांबवलं?" म्हणतील या भीतीनं राहून जायचं. आता म्हणोत.

आमची संस्था म्हणजे एका कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्या, त्यांच्यावर गच्ची, आणि माणसं म्हणून मॅडम व मी. शिवाय एक प्रिंटर, तो माझ्याहून चिडका. मॅडम बंजारा. तांड्यावर वाढल्या, नागपूरला संख्याशास्त्र शिकल्या, बाहेर मोठ्या पगाराच्या नोकऱ्या केल्या आणि मग आपल्या जिल्ह्यात परत आल्या. फोनवर याडीशी, म्हणजे आईशी, गोरबोलीत बोलायला लागल्या की त्यांचा आवाज लाडावलेल्या मुलीसारखा होतो. फोन खाली ठेवला की तोच आवाज वऱ्हाडीत माझी हजेरी घेतो.

आमचं काम गावागावांचे आकडे घेऊन नकाशावर रंगवायचं. आकडा लहान तर छटा फिकी, मोठा तर गडद. भूगोलाच्या पुस्तकात याला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. ऐकायला सोपं आहे. गावं भरपूर असतात, छटा मात्र मोजक्याच वापरता येतात, म्हणून आकड्यांचे गट पाडावे लागतात. हा गट कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, एवढंच ठरवायचं असतं. सुरुवातीला मला वाटायचं, यात ठरवण्यासारखं काय आहे? कॉम्प्युटरला सांगितलं की तो पाडून देतो. हे मी मॅडमना एकदा बोलूनही दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की त्या दिवशी मी डबासुद्धा गपचूप खाल्ला.

ज्या कामामुळे मला त्यांची खरी ओळख पटली ते एका बसचं होतं. एका ट्रस्टला शाळेच्या मुलींसाठी एक गाडी द्यायची होती. जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला दुसऱ्या गावी जावं लागतं, आणि मुली तिथेच सुटतात. ट्रस्टच्या लोकांनी दारव्हा, मारेगाव आणि झरी जामणी हे तीन तालुके घेतले आणि आम्हाला सांगितलं, की सातवीनंतर मुली कुठे जास्त घरी बसतात ते नकाशावर दाखवा. गाडी एकच. एका फेरीत जवळजवळची पाचसहा गावं होतील, त्यापेक्षा जास्त नाही.

आकडे जमवायला आम्हाला गावोगावच्या बायांनी मदत केली. त्यांतली एक झरीकडची अंगणवाडीताई. कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या जंगलातल्या वस्तीवर राहणारी, शरीरानं काटक, बोलायला मोजकी. आपल्या भागातल्या सगळ्या पोडांचे आकडे तिनं पायी फिरून आणले आणि द्यायला स्वतः यवतमाळला आली. तिची मुलगी नुकतीच आठवीत गेली होती. शाळेचं गाव जंगलापलीकडे. पायवाटेनं दीड तास, आणि मधला जंगलाचा टप्पा एकट्या मुलींना पार करू द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ताई रोज सकाळी पोडावरच्या सगळ्या मुलींना घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायची, परत येऊन अंगणवाडी उघडायची, आणि संध्याकाळी पुन्हा आणायला जायची. बरीच वर्षं हे चाललं होतं.

"आता गुडघा गेला," ती म्हणाली. "पांढरकवड्याच्या डाक्टरनं चालणं बंद करा म्हणून सांगतलं. मी थांबली का पोरी थांबतेत. माह्यी बी. हे साल कसं तरी काढतो."

मॅडमनी तिला चहा पाजला, आकड्यांचे कागद उलटसुलट करून दहा प्रश्न विचारले, पण गाडी मिळेल असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. मला तो कोरडेपणा वाटला. मी मात्र मनात ठरवूनच टाकलं, की गाडी या ताईच्या पोडावर गेली पाहिजे.

पहिला नकाशा मी एकटीनं केला, कारण मॅडम याडीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तांड्यावर गेल्या होत्या. कॉम्प्युटरनं सारख्या अंतराचे गट पाडून दिले. शून्यापासून सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत सरळ समान तुकडे, सात छटा, फिक्या बदामीपासून काळपट तपकिरीपर्यंत. मला तो फार देखणा वाटला. मॅडम परत आल्या त्या थेट ट्रस्टच्या बैठकीलाच, आणि माझा नकाशा त्यांनी सगळ्यांबरोबरच पहिल्यांदा पाहिला.

ट्रस्टचे अध्यक्ष जिनिंगवाले. वय झालेलं, पांढरं धोतर, जन्म कापसात गेलेला. उठून नकाशाजवळ गेले, मारेगावकडच्या एका काळपट ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे एकच गाव भारी दिसून राह्यलं. बाकी सारी बरड."

बाकीच्यांनी माना हलवल्या. दुसरे एक म्हणाले, "मंग भारी गावाले कायले गाडी? हलक्या भागाले द्या. आमच्या दारव्ह्याले द्या."

काय चाललंय ते मला क्षणभर समजलंच नाही. मग उमगलं. या माणसांनी आयुष्यभर काळी जमीन पाहिली होती. काळी म्हणजे कसदार, फिकी म्हणजे मुरमाड, काही न पिकणारी. माझ्या नकाशातला सगळ्यात वाईट ठिपका त्यांना सगळ्यात सुखी दिसत होता. वर सूची छापलेली होती, सात छोटे चौकोन आणि त्यांच्यापुढे आकडे, पण ती कुणी पाहिलीच नव्हती. माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी टेबलाखालून माझा पाय दाबला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा कच्चा नकाशा आहे. पुढच्या बैठकीत पक्का देतो."

परतताना रिक्षात मी धुमसत होते. "शिकलेली माणसं आहेत मॅडम. सूची वाचायला काय झालं यांना?"

"त्याईचं कायले चुकलं?" मॅडम म्हणाल्या. "काळ्या रंगाले काय म्हणतेत हे त्याईले शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. तूच तं मातीचा रंग घेतला. आपला नकाशा चुकला, बेटा."

'आपला' म्हणाल्या. 'तुझा' म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्या एका शब्दासाठी मी त्यांच्या हाताखाली आणखी दहा वर्षं काम करायला तयार होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा देखणा नकाशा भिंतीला लावला आणि मला समोरच्या चहाच्या टपरीवर उभं केलं. खिडकीतून नकाशा दिसत होता. तिथून ओरडून मला सांगायचं होतं, की अमुक गाव कोणत्या गटात. मला सांगता येईना. सात तपकिऱ्या तिथून तीनच दिसत होत्या. टपरीवाला म्हणाला, "दीदी, हे सारं बिस्किटासारखंच दिसून राह्यलं." मी त्याच्यावर डोळे वटारले आणि वर जाऊन छटा चारवर आणल्या. रंगही बदलला. फिक्या पिवळ्यापासून वाळलेल्या मिरचीच्या लालपर्यंत. लाल म्हणजे तिखट, इथे लक्ष द्या, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण छटा चार केल्या तरी नकाशा मुकाच होता. जवळजवळ सगळा पिवळा, आणि मारेगावकडचा तोच एक ठिपका लाल. मॅडमनी त्या गावाचे कागद काढले. जेमतेम दोन मुली सातवी झालेल्या, आणि दोघीही घरी. म्हणजे शंभरात शंभर. त्या एका आकड्यानं वरचं टोक ताणून धरलं होतं, आणि खालची खरोखर वाईट अवस्थेतली गावं समान तुकड्यांच्या हिशेबात फिक्या गटांत जाऊन बसली होती. माझ्या सुंदर नकाशानं जे दाखवायला हवं तेच झाकलं होतं. मॅडमनी ठरवलं, की जिथे मुलीच इतक्या मोजक्या तिथे रंग द्यायचा नाही, तिरप्या रेघा मारायच्या. आणि मग स्वतः फोन लावून त्या दोघींच्या घरी बोलल्या. आठवड्याभराच्या खटपटीनंतर एकीला वसतिगृहात जागा मिळवून दिली. दुसरीचं जमलं नाही. ते त्यांना अजून सलतं.

मी दुसरी रीत काढली. गावं चढत्या क्रमानं लावायची आणि प्रत्येक गटात सारखीच गावं टाकायची. कॉम्प्युटरनं एका झटक्यात करून दिलं. काय नकाशा झाला होता! पिवळा, नारिंगी, लाल, सगळे रंग भरभरून. मी खूश. मग माझं लक्ष दारव्ह्याकडे गेलं. माझ्या घराजवळची दोन शेजारी गावं, एकाच रस्त्यावरची, एकाच जीपनं मुली शाळेत जाणारी. एक नारिंगी, दुसरं लालभडक. आकडे पाहिले तर दोघांत नावापुरता फरक. गट पुरा भरायला एक गाव कमी पडत होतं, म्हणून बिचारं लालमध्ये ढकललं गेलं होतं.

"आमच्या दारव्ह्याला लाल?" मी स्वतःशीच फणकारले. तिथे दर थोड्या वेळानं जीप आहे. मॅडम मागे उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना. "स्वतःच्या गावावर आलं का बरोबर दिसते तुले," म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "असंच झरीतलं कोणतं गाव उगाच पिवळं झालं असन, ते कोण पाहीन?"

मग त्यांनी ती गोष्ट केली जी मी आजही काम शिकायला येणाऱ्या मुलामुलींना दाखवते. कृषी केंद्रातून सुतळीचं बंडल आणलं आणि गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधली. एक टोक शून्य, दुसरं शंभर. मला प्रत्येक गावाची चिठ्ठी करायला लावली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी प्रत्येक चिठ्ठी तिच्या आकड्याच्या जागी लावायला सांगितली. दुपार झाली, डोक्यावर ओढणी घेऊन मी चिमटे लावतेय, खाली टपरीवर माणसं माना वर करून पाहताहेत. मला लाज वाटत होती आणि राग येत होता. जे कॉम्प्युटर क्षणात करतो ते मी उन्हात का करू?

लावून झाल्यावर मॅडमनी मला लांब पाण्याच्या टाकीजवळ नेलं. "आता पाय," म्हणाल्या.

मी पाहिलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. चिठ्ठ्या सुतळीवर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. शून्याकडे एक दाट घोळका, दारव्ह्याची बहुतेक गावं त्यात. मग रिकामी सुतळी. मग दुसरा घोळका, मग तिसरा, त्यात मारेगावची गावं जास्त. मग पुन्हा चांगली हातभर रिकामी सुतळी, आणि तिच्यापलीकडे काही चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून. जवळ जाऊन वाचल्या. एखाददुसरी सोडली तर सगळे झरी जामणीचे पोड, आणि तेही एकमेकांच्या शेजारचे. गट कुठे तोडायचे ते आकड्यांनी स्वतःच सांगितलं होतं. इतके दिवस मी विचारलंच नव्हतं. मला त्या वेळी मॅडमचं इतकं कौतुक वाटलं की उन्हात राबवल्याबद्दल भांडायचं मी विसरूनच गेले.

आणि मग मी ताईच्या पोडाची चिठ्ठी शोधली. लाल घोळक्यात ती नव्हती. रिकाम्या सुतळीच्या अलीकडे होती, तिसऱ्या घोळक्याच्या अगदी कडेला. नकाशावर तिच्या दोन्ही बाजूंचे पोड लाल, आणि तिचा नारिंगी.

आकडा चुकला असेल म्हणून मी पुन्हा तपासला. बरोबर होता. त्या पोडावरच्या बऱ्याच मुली अजून शाळेत जात होत्या. ताई त्यांना नेत होती म्हणून जात होत्या.

"मॅडम, रेघ थोडी अलीकडे घेऊ," मी म्हणाले. "एवढीशी. कुणाला कळतंय?"

"घे," त्या म्हणाल्या. "पण तिच्या बरोबरीनं मारेगावचे हे दोन गावं आहेत. त्याईचं काय करशीन?"

दोन्ही चिठ्ठ्या ताईच्या चिठ्ठीला खेटून होत्या. त्यांना आत घेतलं तर लाल रंग दोन तालुक्यांत विखुरणार, आणि गाडी नेमकी कुठे द्यायची ते पुन्हा कुणाला कळणार नाही. त्यांना बाहेर ठेवलं तर सारख्याच आकड्याच्या गावांना दोन रंग, म्हणजे माझ्या दारव्ह्याच्या जोडीसारखंच. मी खूप भांडले. त्या बाईचा गुडघा गेलाय, तिची मुलगी घरी बसेल, तुम्हाला तुमच्या सुतळीचं पडलंय, असं सगळं बोलून घेतलं. मॅडमनी ऐकून घेतलं. "जिथं फट आहे तिथंच तोडू," एवढंच म्हणाल्या आणि चिमटे काढायला लागल्या. मग मीही फणकारत दुसऱ्या टोकाचे चिमटे काढले.

दुसऱ्या बैठकीत नकाशा लावला. मॅडम खुर्चीत बसूनच राहिल्या. अध्यक्ष उठले, लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "हे तं झरीकडचं सारं पेटलं." दारव्हेवाल्या गृहस्थांनीसुद्धा मान हलवली. गाडी झरीकडच्या लाल पोडांना द्यायचं तिथल्या तिथे ठरलं. एवढ्या वर्षांत एवढी लहान बैठक मी पाहिली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण नारिंगी पोड डोळ्यांपुढून जाईना.

ताईला फोनवर सांगायला मॅडमनी नकार दिला. आम्ही दोघी झरीला गेलो, पुढे एका ओळखीच्याच्या जीपनं कच्च्या रस्त्यानं पोडावर. अंगणवाडीच्या ओट्यावर मॅडमनी नकाशा पसरला. ताईनं कुणाची मदत न घेता आपला पोड शोधला. आजूबाजूचे पोड पाहिले.

"हे लाल, हे लाल. मंग माह्यं फिकं काहून?"

"तुह्या पोरी शाळेत जातेत म्हणून," मॅडम म्हणाल्या. "गाडी लाल पोडाले गेली."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला कसं तोंड द्यायचं ते मला येतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मंग मी पोरी घरी बसवू का? पुढच्या साली माह्यं बी लाल होईन."

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. मॅडमनी नकाशाची घडी घातली, ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि उठल्या. परतीच्या वाटेवर पांढरकवडा मागे पडलं तरी नकाशाची घडी पुन्हा पुन्हा उलगडून पाहत होत्या.

सकाळी मी ऑफिसात पोचले तर मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. "आपण घरी बसलेल्या पोरी रंगवल्या," म्हणाल्या. "ज्या जातेत त्या किती चालतेत, हे कुठं रंगवलं?"

आम्ही पुन्हा सगळ्या बायांना फोन लावले. ज्या मुली शाळेत जातात त्यांना एका बाजूला किती वेळ चालावं लागतं, एवढंच विचारलं. आकडे आले. मी उत्साहानं सुतळी आणायला निघाले तर मॅडमनी थांबवलं. "आता नको. आता तुह्ये समान तुकडे घे. अर्धा अर्धा तास." मी चक्रावले. पहिल्या नकाशाची ज्या रीतीनं वाट लागली तीच? तेव्हा त्यांनी समजावलं. अर्धा तास चालणं म्हणजे काय हे प्रत्येकाच्या पायाला माहीत आहे. तासभर, दीड तास, हेही. इथे एखादा आकडा वेड्यासारखा पुढे पळालेला नाही. मग माणसाला जे माप आधीच कळतं त्याच मापानं तोडावं, म्हणजे त्याला सूचीकडे पाहायचीही गरज पडत नाही. कुठली रीत चांगली हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. समोर कोणते आकडे आहेत आणि कोणती माणसं आहेत, एवढंच दर वेळी विचारायला लावलं.

हा नकाशा निळ्या रंगात केला. ताईचा पोड त्यात सगळ्यात गडद आला. आम्ही एका चिठ्ठीचीही ढकलाढकली केली नव्हती.

अध्यक्षांच्या घरी आम्ही दोन्ही नकाशे नेले आणि शेजारीशेजारी लावले. अध्यक्ष एकदा लालकडे, एकदा निळ्याकडे पाहत राहिले. त्यांनी ताईच्या पोडावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या नकाशात तेच शोधून त्यावर दुसरं बोट ठेवलं.

"इथं फिकं, आन तिथं सारं गडद," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे चालून राह्यल्या पोरी. दीड तास चालून राह्यल्या, तरी जाऊन राह्यल्या." आणि पुढे, "कोणी तरी नेत असन त्याईले."

आम्ही ताईबद्दल त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या.

गाडी ताईच्या पोडावरूनच निघेल असं ठरलं, लांबच्या कच्च्या रस्त्यानं वळसा घेऊन. त्यामुळे सगळ्याच पोडांवरच्या मुलींना अर्धा तास लवकर उठावं लागणार होतं, आणि एका आईनं फोनवर माझी चांगलीच खरडपट्टी काढली. मीही दोन शब्द सुनावले. मारेगावची ती दोन गावं मात्र राहिली ती राहिलीच. त्यांच्यासाठी मॅडमचे अर्ज अजून चालू आहेत.

ज्या दिवशी गाडी सुरू झाली त्या सकाळी आम्ही दोघी काम असल्यासारखं करत फोनची वाट पाहत होतो. फोन आला तेव्हा मॅडमनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"गेली गाडी," ताई म्हणाली. "पोरगी बसली. साऱ्या बसल्या."

"मंग आता पाय वर करून बस घरी," मॅडम म्हणाल्या. "गुडघ्याले आराम दे."

ताई म्हणाली, "गाडी गेल्यावर मी रस्त्यापर्यंत चालून आली. संगं कोणी नव्हतं. तरी चालून आली."

मॅडम तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला, तोंड पदरानं पुसलं, आणि म्हणाल्या, "उद्या नको जाऊ, बाई." ताई हो म्हणाली.